गाऱ्हाणं, कावळा आणि भजन : दुःखात अध्यात्म नेमकं काय करतं?

घरात माणूस गेलं की भेटायला येणारा प्रत्येक जण काही ना काही बोलून जातो. ‘देवाच्या मनात होतं ते झालं.’ ‘आता नामस्मरण कर, बरं वाटेल.’ ‘घट्ट हो, पोरांकडे बघ.’ हेतू चांगलाच असतो. ज्याच्यावर प्रसंग आलाय त्याच्या कानांपर्यंत मात्र त्यातलं फार थोडं पोचतं. वर्ष-दीड वर्षाने त्याच माणसाशी निवांत बोललं तर वेगळंच काही ऐकायला मिळतं. कुणी सांगतं, गुरुवारच्या भजनाला बसायला लागले तेव्हा रात्रीची झोप परत आली. कुणी म्हणतं, पहिला म्हाळ (पितृपक्षातलं श्राद्ध) घातला त्या दिवशी पोटभर जेवलो. आणि कुणी हेही सांगतं की अजून देवळाच्या पायरीवर पाय ठेववत नाही.

तिन्ही अनुभव खरे आहेत आणि तिन्हींची कारणं समजून घेता येतात. गेल्या पन्नासेक वर्षांत मानसशास्त्राने शोकाचा बराच अभ्यास केला आहे. त्यातून जे हाती लागलंय ते आपल्या कोकणातल्या रीतींच्या शेजारी ठेवून पाहायचा हा प्रयत्न आहे. देव आहे की नाही, हा प्रश्न इथे घेत नाही. साधना, विधी, प्रार्थना यांनी दुःखातल्या माणसाच्या आत काय घडतं आणि कधी उलटं का घडतं, एवढंच बघू.

माझं म्हणणं आधीच सांगते. अध्यात्म दुःख घालवत नाही. ते दुःखाला जागा देतं, वेळ ठरवून देतं आणि सोबत मिळवून देतं. एवढं झालं की माणूस हळूहळू सावरतो. दुःखाचं कारण सांगायला ते पुढे सरसावलं, की बहुतेक वेळा इजा होते.

शोक पायऱ्या चढत नाही

नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि शेवटी स्वीकार, अशा शोकाच्या पाच पायऱ्या आपण कुठे ना कुठे वाचलेल्या असतात. एलिझाबेथ कुब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९ मध्ये त्या मांडल्या. पण त्या बोलल्या होत्या त्या स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी. मागे राहिलेल्या नातेवाइकांना ही यादी पुढे लावली गेली, आणि तिथून घोळ सुरू झाला. सहा महिने झाले तरी रडू येतं म्हणजे माझं काहीतरी चुकतंय, असं लोकांना वाटायला लागलं.

नेदरलँड्समधल्या मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये वेगळी मांडणी केली, आणि ती मला जास्त पटते. त्यांच्या मते शोकातला माणूस दोन बाजूंमध्ये सतत ये-जा करत असतो. एका बाजूला गेलेल्या माणसाची आठवण, रडणं, ओढ. दुसऱ्या बाजूला बँकेची कामं, पोरांची शाळा, स्वयंपाक, एकट्याने जगायला शिकणं. नवरा गेलेली बाई सकाळी त्याचा शर्ट छातीशी धरून रडते, दुपारी काजूबीच्या भावावरून व्यापाऱ्याशी हुज्जत घालते आणि तिन्हीसांजेला पुन्हा रडते. वाडीत कुजबुज होते, ‘बघ, काजूच्या दराची कशी आठवण राहिली.’ खरं तर तिचं मन अगदी योग्य काम करत असतं. सतत आठवणीतच राहणारा माणूस खचतो. सतत कामात लपणाराही पुढे कधीतरी कोसळतो. ये-जा चालू राहणं हेच सावरणं.

साधनेचा पहिला उपयोग इथे होतो. आता रडायचं आणि आता उठायचं, याच्या वेळा ती बाहेरून ठरवून देते. आतून ठरवायची ताकद तेव्हा माणसात नसते.

सुतकात देव्हाराही बंद असतो

सुतकाबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत, त्यातल्या बऱ्याच रास्तही आहेत. भावकी मोठी असली तर अख्खी वाडी दहा दिवस अडकते. पण सुतकातली एक गोष्ट आपण पुरेशी लक्षात घेत नाही. त्या दिवसांत घरातले लोक देवपूजा करत नाहीत, देवळात जात नाहीत, सणवार पाळत नाहीत. ज्याचं माणूस नुकतंच गेलंय त्याने देवासमोर हात जोडून उभं राहावं, अशी अपेक्षाच रीतीने ठेवलेली नाही. त्याने दिवा लावायचा नाही, नैवेद्य करायचा नाही, कुणाच्या घरी हसतमुखाने जायचं नाही. शेजारच्या घरातून पेज येते, भात येतो. चार माणसं खळ्यात बसून राहतात. बोलायलाच हवं असं नाही.

शिवाय या काळाला शेवट आहे, हेही तितकंच महत्त्वाचं. दहावा, अकरावा, बारावा, तेरावा. तेराव्याला गोडाचं जेवण होतं. त्या दिवशी गोड घशाखाली उतरत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी पानात वाढतात, कारण दुसऱ्या दिवशी कुणीतरी शेतावर जाणार असतं, कुणाची बोट निघणार असते. ये-जा करायचं दार तिथे उघडतं.

किनाऱ्यावरच्या मुसलमान घरांत साधारण शोक तीन दिवसांचा, आणि नवरा गेलेल्या बाईसाठी चार महिने दहा दिवसांची इद्दत. वेंगुर्ला-सावंतवाडीकडच्या ख्रिस्ती कुटुंबांत सातव्या दिवसाचा मिस्सा होतो, २ नोव्हेंबरला सगळ्या मृतांच्या स्मरणासाठी कबरींवर मेणबत्त्या लागतात. मंडणगड-दापोलीकडच्या बौद्ध घरांत जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. धर्म वेगळे, मंत्र वेगळे, पण ठरलेला काळ, जमलेली माणसं आणि ठरलेला शेवट या तीन गोष्टी कुणीच सोडलेल्या नाहीत.

दहाव्याचा कावळा

दहाव्या दिवसाचं मात्र मला थोडं सविस्तर सांगायचं आहे. कोकणात पाहिलेल्या विधींमध्ये माणसाच्या मनाची इतकी जाण दुसऱ्या कुठल्याच विधीत मला दिसलेली नाही.

व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी केळीच्या पानावर भाताचे पिंड ठेवलेले असतात. भटजींनी सांगितलं की सगळे दहा पावलं मागे सरकतात. कावळे माडावर बसलेले असतात, पण खाली येत नाहीत. पाच मिनिटं जातात, दहा जातात. मग कुणीतरी वडीलधारा हळूच म्हणतो, ‘तेच्या मनात काय रवला आसात ता सांगा.’ गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलंय, ते ओळखून कबूल करायचं. मोठा मुलगा हात जोडतो, ‘बोटीचा कर्ज आमी फेडतलंव.’ कावळा हलत नाही. बहीण म्हणते, ‘धाकट्याचा शिक्षण पुरा करतलंव.’ कुणी आईबद्दल म्हणतं, ‘आवशीक एकटी टाकूचंव नाय.’ पूर्वी आमच्याकडे बायका तिथे जात नसत, आता जातात, आणि बरं झालं जातात, कारण घरात काय अर्धवट राहिलंय ते त्यांनाच जास्त माहीत असतं.

एका दहाव्याला मी पाहिलं, गेलेल्या माणसाचा सख्खा चुलतभाऊ सगळ्यात मागे उभा होता. दोघांमध्ये बांधावरून कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. बराच वेळ कावळा शिवेना तेव्हा तो पुढे आला, चपला काढल्या आणि पिंडाकडे बघत मोठ्याने म्हणाला, ‘बांधाचो वाद आजपासून मिटलो. दगड तू घातलंस थंयच रवतलो.’ गेलेल्याची बायको मागे उभी होती. दहा दिवसांत पहिल्यांदा ती मोठ्याने रडली.

आता यात काय काय झालं ते पाहा. मागे राहिलेल्यांना सगळ्यात जास्त छळतं ते अर्धवट राहिलेलं. न बोललेलं, न फेडलेलं, न मिटवलेलं. ते मनात फिरत राहिलं तर रात्री दोन वाजता जाग आणतं. इथे ते उघड्यावर आणून, चारचौघांच्या साक्षीने, वचनात बदललं जातं. कर्जाची भीती सगळ्यांनाच होती, पण ते फेडणार कोण, हे आता गावाने ऐकलेलं असतं. बाईला एकटं पडायची धास्ती होती, तिचंही नाव घेतलं गेलं.

आणि कावळा आलाच नाही तर? मग दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात आणि विधी पुरा होतो. कुटुंबाला कायमचं टांगून ठेवायचं नाही, याची काळजी रीतीनेच घेतलेली आहे. मागणं कठोर वाटलं तरी सुटकेची वाट ठेवलेली आहे.

श्वास, जप आणि भजनाची बारी

दुःख शरीरात असतं, हे आपण विसरतो. छाती भरून येते, श्वास वर-वरचा होतो, झोप तुटते, भूक मरते. शरीर सतत धोक्याच्या तयारीत राहतं. अशा वेळी ‘शांत हो’ म्हणून कुणी शांत होत नाही. शरीराला शांत करायला शरीराकडूनच जावं लागतं.

इटलीतले डॉक्टर लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांवर केलेला एक अभ्यास २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र, दोन्ही मोठ्याने म्हणताना लोकांचा श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो, असं त्यांना दिसलं. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. श्वास सहाच्या आसपास आला की हृदयाची गती आणि रक्तदाब एका लयीत येतात, आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची व्यवस्था जास्त चांगलं काम करते. दोन टोकांच्या परंपरांनी जपाची लांबी जवळपास एकाच श्वासाला बेतलेली निघाली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

रत्नागिरीजवळच्या पावसला स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) राहिले. तरुणपणी ते अशा दुखण्यातून गेले की मृत्यू अगदी समोर दिसत होता. त्यांनी सांगितलेली सोहं साधना म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाबरोबर ‘सो’ आणि ‘हं’ ऐकत राहणं. त्यामागचं तत्त्वज्ञान खोल आहे, ते चार ओळींत सांगण्यासारखं नाही. पण ज्याला तत्त्वज्ञान झेपत नाही, त्याला निदान श्वासाशी बसता येतं, आणि शोकाच्या पहिल्या महिन्यात तेवढंच झेपतं.

भजनात आणखी एक गोष्ट आहे. बुवा ओळ म्हणतात, बाकीचे मागून उचलतात. ज्याला सूर नाही तोही झांज धरतो. घरी बोलायला शब्द नसलेला माणूस तिथे दोन तास तोंड उघडून मोठ्याने गातो, आणि त्याला कुणी ‘कसा आहेस’ विचारत नाही. मृदंगाच्या ठेक्यावर सगळ्यांचे श्वास एकत्र सुटतात. मध्येच डोळे भरून आले तर ते भक्तीचे की दुःखाचे, हे कुणी तपासत नाही. पुरुषांना रडायची जागा आपल्याकडे फार कमी आहेत. भजन ही त्यातली एक आहे, आणि म्हणून वाडीवाडीतली भजनी मंडळं टिकायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

‘व्हय म्हाराजा’

सिंधुदुर्गात देवळात गाऱ्हाणं घालतात, ते प्रार्थनेपेक्षा थोडं निराळं. सुतक फिटल्यावर घरातलं माणूस नारळ घेऊन ग्रामदेवतेपुढे येतं. गुरव किंवा मानकरी त्याच्या वतीने बोलायला लागतो, ‘बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू आज तुझ्या पायाकडे इला हा. तेच्या घरात जा काय झाला ता तुका म्हायत आसा. तेका सांभाळून घे, तेच्या पोराबाळांक वाटेक लाव रे म्हाराजा…’ आणि जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’

दुःखी माणसाला स्वतःला काही बोलावं लागत नाही, त्याचं म्हणणं गावाच्या तोंडून मांडलं जातं. सूरही विनवणीचा असतो तसा हक्काचाही असतो. तू इथला राखणदार आहेस, मग राखण कर. देवाला जाब विचारायची मुभा त्यात गृहीत आहे.

ही मुभा फार मोलाची आहे. ‘देवावर रागावू नये’ हे आपण लहान मुलांना शिकवतो, आणि मोठेपणी तेच शोकातल्या माणसाच्या मानेवर बसतं. तुकारामांच्या घरी १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात काय झालं, ते त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. बायको अन्न अन्न करत मेली. त्यानंतरचे त्यांचे किती तरी अभंग विठ्ठलाशी चक्क भांडणारे आहेत. भांडण आहे म्हणजे नातं शिल्लक आहे.

केनेथ पार्गामेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी धर्माचा आधार घेण्याच्या पद्धती तपासल्या. देव सोबत आहे, माझ्याबरोबर हे ओझं उचलतोय, असं वाटणाऱ्यांना आधार मिळतो. देवाने मला टाकलं, हा मला झालेला दंड आहे, असं वाटत राहणाऱ्यांची अवस्था जास्त बिकट होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सुमारे ६०० वयस्कर रुग्णांची दोन वर्षांनी पुन्हा माहिती घेतली. २००१ मध्ये आलेल्या निष्कर्षांत, देवाने सोडून दिल्याची भावना घेऊन बसलेल्यांमध्ये मृत्यूचा धोकाही अधिक दिसला. म्हणजे श्रद्धा किती आहे यापेक्षा ती कोणत्या स्वरूपाची आहे, यावर पुष्कळ अवलंबून आहे. राग येणं वेगळं आणि टाकून दिल्यासारखं वाटणं वेगळं. गाऱ्हाण्यात रागाला वाट मिळते, आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणणाऱ्यांमुळे टाकून दिल्यासारखं वाटत नाही.

समुद्रात हरवलेला माणूस

किनाऱ्यावरच्या दुःखाचा एक प्रकार घाटावर सहसा नसतो. बोट जाते आणि परत येत नाही. देह मिळत नाही.

१७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. कितीतरी घरांनी आपलं माणूस पुन्हा पाहिलंच नाही. मच्छीमार वस्त्यांमध्ये लहान प्रमाणात हे अजूनही घडतं. अशा घरात काय चालतं? मेला म्हणावं तर पाप वाटतं, जिवंत म्हणावं तर वाट बघणं संपत नाही. दरवाजाची कडी वाजली की छातीत धस्स होतं. ताट मांडायचं की नाही, कुंकू लावायचं की नाही, प्रत्येक गोष्ट अडते.

पॉलिन बॉस या संशोधिकेने १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम केलं आणि या अनिश्चित वियोगाचा वेगळा अभ्यास सुरू केला. त्यांचं सांगणं असं, की या लोकांना ‘आता मान्य कर, संपव’ म्हणून ढकलू नये. तो नाही आणि तरी असेल, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरून जगायला त्यांना मदत करावी.

परंपरेनेही यावर विचार केलेला आहे. देह मिळाला नाही तर पळसाची पानं आणि दर्भ यांची माणसाच्या आकाराची प्रतिकृती करून तिला अग्नी देतात. त्याला पालाशविधी म्हणतात. कायद्यातही वाट आहे : सात वर्षं ज्याची कसलीही खबर नाही, तो मृत असल्याचं न्यायालय गृहीत धरू शकतं. जुन्या पुरावा कायद्याचं ते १०८ वं कलम, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात १११ वं. विम्याचे पैसे, बँकेतलं खातं, बोटीचे कागद यांच्यासाठी ते लागतं. पण सात वर्षं फार मोठी असतात, आणि विधी कधी करायचा हे घराने ठरवायचं, भावकीने नाही. एखादी आई अजून तयार नसेल तर तिला वेळ द्यायला हवा. दर नारळी पौर्णिमेला ती समुद्राला नारळ देत असेल आणि तेवढंच तिच्याने होत असेल, तर तेही पुरेसं आहे.

मानवशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिआंड बेटांवर पाहिलं होतं, की आतल्या शांत खाजणात मासे मारताना लोक मंत्रतंत्र करत नाहीत. उघड्या समुद्रात जाताना मात्र सगळे विधी पार पाडतात. जिथे माणसाचा हात पोचत नाही तिथे विधी उभे राहतात. आपल्याकडेही १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि समुद्रावर पुन्हा जायच्या सुमाराला नारळी पौर्णिमा येते. भीती मनात असतेच. ती दाबून ठेवण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून नारळ घेऊन तिच्यासमोर उभं राहणं केव्हाही चांगलं.

म्हाळ : नातं तोडायचं नसतं

बरीच वर्षं मानसशास्त्र सांगत होतं की शोक पुरा व्हायचा तर गेलेल्याशी असलेलं नातं सोडावं लागतं. १९९६ मध्ये डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे उलटवलं. नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं, आणि तसं बदललेलं नातं बाळगणं हे आजारपण नव्हे, असं त्यांनी दाखवलं. आपल्याकडे भाद्रपदात म्हाळ घालणाऱ्या कुठल्याही आजीला यात नवल वाटलं नसतं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, आणि त्यात गेलेल्याच्या आवडीचा एखादा पदार्थ. वाडी, म्हणजे पितरांसाठी नैवेद्याचं पान, दाखवली जाते. नातवंडं विचारतात, पणजोबांना हेच का आवडायचं, आणि मग गोष्ट सांगितली जाते. वर्षातला एक दिवस ठरलेला असला की उरलेले दिवस थोडे हलके होतात.

इजा कुठे होते

बुद्धाने सांगितलेली दोन बाणांची गोष्ट संयुत्त निकाय या पाली ग्रंथात आहे. पहिला बाण लागतो तो दुःखाचा, तो कुणालाच चुकत नाही. दुसरा बाण आपण स्वतःवर मारतो : माझ्याच नशिबी का, मी वेळेवर डॉक्टरकडे नेलं असतं तर, माझ्या पायगुणाने गेला. दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीची लेणी आहेत. तिथे शतकानुशतकं भिक्षू बसून हाच दुसरा बाण ओळखायला शिकत होते. ध्यान म्हणजे बऱ्याच अंशी हेच, दुःख आलं तर ते दुःख म्हणून पाहणं आणि त्याला चिकटणारा आरोप वेगळा करणं.

दुर्दैवाने धर्माच्या नावाने दुसरा बाण पुष्कळदा आपणच मारतो. ‘मागच्या जन्माचं भोगतेय.’ ‘घराण्याचा देव कोपलाय.’ ‘बाहेरचं काही असणार, कौल लावून बघ.’ तरुण मुलगा गेलेल्या घराला कुणी देवस्कीच्या (भूतबाधा, करणी काढण्याच्या) मागे लावतं आणि उरलेसुरले पैसेही जातात. विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं हा तर सरळ क्रूरपणा आहे. दुःखाच्या सगळ्यात कठीण क्षणी तिला सगळ्यांसमोर शिक्षा देणं. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ही प्रथा बंद करायचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. तुमच्या गावात अजून ठराव झाला नसेल तर पुढच्या ग्रामसभेत विषय घ्या. ठरावाची वाट न बघताही स्मशानातून परतल्यावर घरातल्या मोठ्या बाईने ‘हिच्या अंगाला हात लावायचा नाही’ म्हटलं तर पुरतं.

आणखी एक. साधनेचा उपयोग कधीकधी दुःखाकडे पाठ फिरवायलाही होतो. दिवसभर पोथी, रात्रभर जप, पण घरात गेलेल्याचं नाव काढायला बंदी. असा माणूस बाहेरून शांत दिसतो. पोरं मात्र एकटी पडतात.

कधी डॉक्टरांकडे जायचं

ओढ आणि वेदना वर्ष उलटून गेल्यावरही रोज तेवढीच तीव्र असेल, माणूस जगण्याच्या कामांना हातच लावत नसेल, आपलंही जगणं संपावं असं बोलत असेल, तर भजन आणि गाऱ्हाणं यांच्यावर सोडून देऊ नका. रेंगाळलेला शोक ही आता वैद्यकशास्त्राने मान्य केलेली अवस्था आहे. २०२२ च्या अमेरिकन निदानपुस्तिकेत मोठ्यांसाठी एक वर्षाची मर्यादा आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सहा महिन्यांची. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. जगणं नको झाल्याचं कुणी बोललं तर मात्र कुठलीही मर्यादा मोजत बसू नका, त्याच दिवशी हालचाल करा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. समुपदेशकाकडे जाणं म्हणजे श्रद्धा कमी पडली असं नाही. एकाच आठवड्यात देवळातही जाता येतं आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातही.

मुंबईतल्या चाकरमान्यांना तीन दिवसांची रजा मिळते आणि चौथ्या दिवशी लोकल पकडावी लागते. त्यांच्यासाठी सगळं साग्रसंगीत करणं शक्य नसतं, गरजही नसते. आठवड्यातला एक दिवस आणि एक वेळ ठरवा, अर्धा तास पुरे. त्या वेळी जप करा, हरिपाठ म्हणा, दुआ करा किंवा नुसते श्वासाशी बसा. महिन्यातून एकदा घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून गेलेल्याबद्दल बोला, पोरांसमोर बोला, आणि जे अर्धवट राहिलंय ते कोण पुरं करणार हे मोठ्याने ठरवा. शेजारी म्हणून आधार द्यायचा असेल तर तेराव्यानंतरच्या आठवड्यात जा, कारण तोवर घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि त्यानंतर कुणी फिरकत नाही. जाताना जेवणाचा डबा घेऊन जा, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला, आणि नामस्मरणाचा सल्ला त्याने विचारल्याशिवाय देऊ नका.